सोनाराला सांगा

२ फेब्रुवारी

चिरंजीव,

आशीर्वाद आहेतच, ते पत्राच्या डोक्यावर वेगळे लिहायला नकोत. तुझी आई गेली. एकोणीस जानेवारीला, दुपारी, इस्पितळात. हृदय थकलं होतं, असं डॉक्टर म्हणाले. दोन दिवस होती तिथे. तू पाण्याखाली गेल्याला तेव्हा पंधरवडाही झाला नव्हता.

हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा तुला कळलेलं असेल. नौदलाच्या तळावरच्या कचेरीतल्या बाईंनी मला सगळं नीट समजावलं. पाणबुडी फेरीवर असेपर्यंत पाकिटं कचेरीतच राहणार, तू बंदराला लागलास की गठ्ठा मिळणार. मधल्या काळात घरच्यांनी आठवड्याला एक संदेश द्यायचा, चाळीस शब्दांचा. तो बिनतारी तुमच्याकडे जातो. त्यात वाईट काही चालत नाही आणि तुम्हाला उत्तर देता येत नाही. घरात कोणी गेलं तर लगेच सांगायचं की परतल्यावर, हे निघण्याआधी प्रत्येकाला विचारतात म्हणे. तू 'परतल्यावर' म्हणालास.

"शहाणा आहे तुमचा मुलगा," बाई म्हणाल्या. "तिथे रडायलासुद्धा जागा नसते."

तेव्हा खरं ते पाकिटात आणि गोड ते संदेशात, अशी आता वाटणी झाली आहे.

पहिला संदेश लिहायला बसलो आणि अडलो. तुझ्याशी मी शेवटचं सरळ बोललो त्याला दोन वर्षं झाली. बहिऱ्या आईला घरात टाकून परक्यांच्या बोटींचे आवाज ऐकायला निघालास, असं मी म्हणालो, आणि तू बूट घालून चालता झालास. पुढे तू फोन करायचास तो आईला. तिला फोनवर ऐकू यायचं नाही, आणि कानातलं यंत्र ती लावायची नाही. नवरा गावाचे कान तपासतो, यंत्रं बसवतो, आणि बायको घरात 'काय? काय?' करते, हा सगळ्या गल्लीचा करमणुकीचा विषय होता. मग फोन माझ्या कानाला. तू म्हणायचास, "आईला सांगा, जेवलो." मी ओरडायचो, "जेवला म्हणे!" ती म्हणायची, "विचारा, काय जेवला." मी विचारायचो, तू सांगायचास. असं अर्धा-अर्धा तास. तू माझ्याशी बोलत नव्हतास, मी तुझ्याशी बोलत नव्हतो, आणि बोलून बोलून दोघांच्या घशाला कोरड पडायची.

आता मधलं माणूस गेलं. आपल्या दोघांत एकमेकांना सांगण्यासारखं काही उरलंय का, हे मला खरंच माहीत नाही. ती गेली तसा तूही गेलास, अशी भीती माझ्या मनात बसली आहे. म्हणून मी हा संदेश पाठवला:

'घरी सगळं ठीक. थंडी कमी झाली. दवाखाना चालू. खिडकीचं तावदान बदललं. आई म्हणते, सोनाराला सांगा, माझं कानातलं कधी घडवणार? वेळेवर जेव.'

तुला पाणबुडीत सोनारवर, म्हणजे पाण्यातले आवाज ऐकायच्या यंत्रावर बसवलंय, हे मी तिला पहिल्यांदा ओरडून सांगितलं तो दिवस तुला माहीत नाही. तिने कपाळाला हात लावला. "इतकं शिकवलं, आणि पोरगं सोनारकाम करणार?" शेजारच्या वहिनींना ती तसं सांगूनही आली. खरं कळल्यावरही तिने ते सोडलं नाही. तू सोनार तो सोनारच.

संदेश दिल्यावर तासाभरात बाईंचा फोन आला.

"साहेब, एक शंका होती. इथे 'आई म्हणते' लिहिलंय."

"हो."

"पण त्या तर..."

"हो. गेली."

"मग 'म्हणायची' करू का?"

"तसं केलंत तर ती वाईट बातमी होईल. तुमच्या नियमात बसणार नाही."

बाईंनी संदेश पुन्हा पुटपुटत वाचला. मग म्हणाल्या, "नियमात वाईट बातमी नको एवढंच आहे. खोटी नको, असं मला कुठे दिसत नाही." आणि त्यांनी फोन ठेवला. संदेश गेला.

बाबा


११ फेब्रुवारी

चिरंजीव,

मी अजून ओरडूनच बोलतो. परवा चहा उतू गेला तेव्हा 'अगं, गॅस!' म्हणून इतक्या जोरात ओरडलो, की शेजारच्या वहिनी दार वाजवून विचारायला आल्या, कोणी पाहुणे आलेत का. नाही म्हटलं. त्या बिचाऱ्या उगाच आत डोकावून गेल्या.

तुझ्या खोलीतला संगणक मी उघडला, हे आधीच सांगतो. आईचे फोटो त्यात आहेत म्हणून उघडला. फोटो सापडले. पण संगणक चालू होताच तुझा तो पाणबुड्यांचा खेळही आपोआप उघडला, आणि कोपऱ्यात अक्षरं उमटली: 'कुठे मेला होतास?'

मी लिहिलं, 'मी त्याचा बाप. तो बाहेर आहे. आपण कोण?'

'बोका.'

आता बोक्याशी काय बोलायचं? मी बंद करणार होतो. पण पुन्हा उमटलं, 'आलाच आहात तर बसा, काका. एक माणूस कमी पडतोय.' घरात मला 'बसा' म्हणणारं दुसरं कोणी नव्हतं. बसलो.

तुला खेळ माहीत आहे, पण मी कसा समजून घेतला ते सांगतो. जुन्या कुठल्याशा महायुद्धातला मालवाहू जहाजांचा ताफा. त्याच्या राखणीला आपलं लढाऊ जहाज. खाली पाणबुडी. मला जहाजाच्या पोटातल्या सोनारच्या खोलीत बसवलं. 'टिंग' असा आवाज पाण्यात सोडायचा आणि तो कशाला आपटून परत येतो का ते ऐकायचं. मी बोक्याला लिहिलं, हे तर माझंच काम, मी लोकांचे कान तपासतो. मी पेटीतून आवाज सोडतो आणि समोरच्याला ऐकू आला की तो बटण दाबतो. इथे बटण समुद्र दाबतो, एवढाच फरक.

कान माझे अजून शाबूत आहेत. परत आलेला आवाज चढ्या सुरात असेल तर ती आपल्याकडे येतेय, उतरत्या सुरात असेल तर पळतेय, हे मला दहा मिनिटांत जमलं. बोका खूष. माशांचा थवा कुठला आणि लोखंड कुठलं हेही कळायला लागलं. पण मी पाणबुडीच्या अगदी अंगावर गेलो की आवाज नाहीसा व्हायचा. साफ. पाटी पुसल्यासारखी. तीनदा तसं झाल्यावर माझं डोकं फिरलं. मी लिहिलं, 'तुमच्या खेळात बिघाड आहे.'

'बिघाड नाही. वास्तव शंभर टक्क्यांवर ठेवलंय,' बोक्याने लिहिलं. मग त्याने समजावलं, ते असं: आवाजाचा झोत जहाजापासून पुढे जातो, बरोबर खाली जात नाही. लांब असता तेव्हा पाणबुडी झोतात असते. जितके जवळ जाल तितकी ती झोताच्या खाली सरकते. शेवटचे शे-दोनशे मीटर बहिऱ्यासारखं जायचं आणि अंदाजाने डेप्थ चार्ज टाकायचे. ती बारुदाची पिंपं. ठरवलेल्या खोलीवर फुटतात. पण ती बुडत खाली जाईपर्यंत खालचा कप्तान वळलेला असतो. सोप्या पातळीवर आवाज शेवटपर्यंत ऐकू येतो, पण तो पोरखेळ.

यावरून म्हणे या खेळाच्या मंडळात वर्षानुवर्षं भांडणं चालू आहेत. निम्मे म्हणतात, शेवटी ऐकू न येणं हा अन्याय आहे, काढून टाका. बोका म्हणतो, मग पत्ते खेळा.

मी दुपारभर चुकत राहिलो. जवळ गेलो की गेलंच. दवाखाना उघडायला उशीर झाला, चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

या आठवड्याच्या संदेशात लिहिलं: 'आई म्हणते, सोनाराने अंधारात डोळे खराब करून घेऊ नयेत.' बाईंनी काही विचारलं नाही.

बाबा


२३ फेब्रुवारी

चिरंजीव,

बोका म्हणजे बाई निघाली. दाताची डॉक्टर आहे. पन्नाशीची असेल. कानाला हेडफोन लावून बोलायचं बटण मला सापडलं, आणि पलीकडून खणखणीत आवाज आला, "बोला, कानवाले!" मी गारच पडलो. सकाळचे पेशंट झाले की ती खेळते. सकाळभर लोकांच्या तोंडात बघितल्यावर समुद्र बघावासा वाटतो म्हणे.

मी तिच्याशी भांडण काढलं. म्हटलं, शंभर टक्के वास्तव म्हणता आणि एवढे स्फोट झाल्यावर पाणी निवळलं की लगेच सोनारवाल्याला सुई पडलेली ऐकू येते? त्याच्या कानांत निदान तासभर शिट्टी वाजली पाहिजे. यावर मी मंडळात लांबलचक लिहिलंही, नाव-हुद्द्यासकट. लोक वाहवा करायला लागले. आणि मग बोकाबाईंनी एका ओळीत हवा काढली: स्फोटाच्या आधी सोनारवाला कानावरचं काढून ठेवतो, कानवाले. एवढं साधं. मी तोंडावर आपटलो. पण किती तरी दिवसांनी हसलो, ते तुला सांगायला हरकत नाही.

त्याच दिवशी मला पहिली पाणबुडी सापडली.

सूर उतरता होता, म्हणजे ती पळत होती. मी मागे लागलो. नेहमीप्रमाणे जवळ जाताच आवाज गेला. बोकाबाई म्हणाल्या, "आता ऐकू नका, विचार करा. तुम्ही खाली असता तर कुठे वळला असता?" मी डावीकडे म्हटलं. पिंपं टाकली. स्फोटांनंतर पाणी इतकं ढवळतं, की कितीतरी वेळ सोनारवर नुसता गोंगाट. जिंकलो की हरलो हे कळायला थांबावं लागतं. थांबलो. गोंगाट खाली बसला, आणि मग एक आवाज आला. लोखंडी पिंप कोणीतरी दोन्ही हातांनी हळूहळू पिळावं तसा. तो खोल खोल जात राहिला. संपेचना.

"अभिनंदन!" बोकाबाई ओरडल्या. पडद्यावर गुण पडत होते. मी कानावरचं काढून टेबलावर ठेवलं, तरी मला तो ऐकू येत होता.

मग मनात आलं, त्या पाणबुडीतही कोणीतरी माझ्यासारखा कान लावून बसला असणार. मी जवळ गेल्यावर मला तो ऐकू येईनासा झाला. पण त्याला मी ऐकू येत होतो, अगदी डोक्यावर येईपर्यंत. वरचा बहिरा होतो, खालचा होत नाही. खालच्याला सगळं ऐकावं लागतं.

तेव्हापासून तो सोनारचा 'टिंग' माझ्या मागे लागला आहे. काल एका म्हातारबुवांचे कान तपासत होतो. त्यांनी बटण दाबलं. मी आवाज सोडलाच नव्हता. "आला की," ते म्हणाले. मी पेटीचा खटका तपासला, कारण मलाही आला होता. घरी मोरीतला नळ ठिबकला तरी मी मान वर करतो. एकदा तर 'कोण आहे?' म्हणून विचारलं. मोठ्याने, तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

या आठवड्याचा संदेश मी खूप मन लावून लिहिला. तुला आनंद व्हावा असं काहीतरी द्यायचं होतं. तू वर्षानुवर्षं जे तिच्या मागे लागलास तेच लिहिलं: 'आनंदाची बातमी. आईने अखेर कानातलं यंत्र लावलं. आई म्हणते, सोनाराचं घड्याळसुद्धा ऐकू येईल आता. आम्ही मजेत.' मला ते फार जमल्यासारखं वाटलं. दोनदा वाचलं.

बाबा


९ मार्च

चिरंजीव,

मी आता वर बसत नाही. बोकाबाईंना सांगितलं, मला खाली बसवा. त्या म्हणाल्या, "खाली करमणार नाही तुम्हाला. खाली काही करायचं नसतं. नुसतं थांबायचं असतं." मी म्हटलं, माझा मुलगा तेच करतो. त्यावर त्यांनी 'कुठे?' म्हणून विचारलं. तू कुठे आहेस हे मी त्यांना तोवर सांगितलं नव्हतं.

सांगितल्यावर मी त्यांना विचारलं, आता खरोखर कसं असतं? अजून पिंपं टाकतात का? त्यांनी जपून उत्तर दिलं, ते मला कळलं. पिंपांचा जमाना गेला म्हणाल्या. आता पाणतीर असतात, ते आपले आपण शोधत येतात. आणि मग घाईने, "पण युद्ध कुठे आहे आता? तुमचा मुलगा ऐकतो नि परत येतो, बस." दात काढताना पेशंटला 'झालंच' म्हणतात, तशा त्या म्हणाल्या.

तर मी खाली बसलो. वरून जहाज येतं ते आधी लांबून ऐकू येतं. जहाजाला पुढे ढकलणारा पंखा पाण्यात फिरल्याचा आवाज, घुप घुप घुप. मग तो 'टिंग' पाणबुडीच्या पत्र्यावर आपटतो. वर असताना तो माझ्या हातातला आवाज होता, खाली तो अंगावर येतो. बोकाबाई वरच्या जहाजावर होत्या. त्यांनी कसलीही दया दाखवू नये असं मीच बजावलं होतं.

त्यांनी मला आधीच शिकवून ठेवलं होतं, की अशा वेळी एकच करायचं. यंत्रं बंद, बोलणं बंद, आणि मुख्य म्हणजे पंखा बंद. आपला पंखा फिरत राहिला तर वरच्याला आपण लांबूनही ऐकू जातो. आणि ऐन वेळी माझा हातच हलेना. बोकाबाई कानात ओरडल्या, "कानवाले, पंखा बंद करा! आवाज जातोय!"

मी उठलो आणि भिंतीतली वायर उपटली. संगणक विझला. खुर्चीवर परत बसायलासुद्धा मला जमलं नाही, बाहेर जाऊन जिन्यात उभा राहिलो. का, ते या पत्रात लिहीत नाही. जमेल तेव्हा सांगेन.

आता घरात मी पायांचा आवाज न करता चालतो. भांडी हळू ठेवतो. वीस वर्षं या घरात आम्ही दोघं ढोल वाजवल्यासारखे बोललो, आणि आता चमचा पडला तर मी खाली वाकून त्यावर हात ठेवतो, तो थांबेपर्यंत. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, बरं नाही का? तुमचा आवाजच येत नाही." आधी आवाज येतो म्हणून काळजी, आता येत नाही म्हणून.

या आठवड्यात मी आईची ओळ घातली नाही. मन धजेना. मेलेल्या माणसाच्या तोंडात किती दिवस शब्द कोंबायचे? फक्त लिहिलं, घरी ठीक, हवा चांगली, काळजी करू नये.

दुपारी कचेरीतून फोन.

"साहेब, संदेश मिळाला. पण..."

"काय कमी पडलं?"

"आईंची ओळ राहिली."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. बाईच पुढे म्हणाल्या, "तुम्हाला सांगायला नको, पण मी इथे सगळ्यांचेच संदेश वाचते. वाचावेच लागतात. सगळे आपले 'ठीक आहे, ठीक आहे'. तुमच्याकडची ती एक ओळ असते." मग आवाज कोरडा करून, "तेहतीस शब्द शिल्लक आहेत तुमचे. वाया जातील."

मी फोनवरच सांगितलं: 'आई म्हणते, सोनाराने रागावर रात्र काढू नये, कोणाच्याही.' बाईंनी लिहून घेतलं.

बाबा


२४ मार्च

चिरंजीव,

पुढच्या आठवड्यात तुम्ही बंदराला लागाल, असं बाई आडून आडून म्हणाल्या. सरळ त्यांना सांगता येत नाही. "या आठवड्यानंतर पाकिटं पाठवू नका, वेळेत गठ्ठ्यात जाणार नाहीत," एवढंच बोलल्या, आणि मी समजलो.

हे शेवटचं. मला भीती वाटते आहे. पाणबुडीचीही नाही, बातम्यांचीही नाही. तू एका बंद खोलीत ही पत्रं ओळीने वाचशील आणि तुला कळेल, की इतके आठवडे तुझ्या आईच्या नावाने मी बोलत होतो. हसून, लाडात येऊन, तुला सोनार म्हणून. माझ्या स्वतःच्या नावाने मी तुला हवामान कळवलं आणि तिच्या नावाने बाकी सगळं. हे तू माफ करशील असं मला वाटत नाही. मी तुझ्या जागी असतो तर केलं नसतं. माझा स्वभाव तुला माहीतच आहे, तुझ्यात अर्धा उतरलाय.

बोकाबाईंना मी खेळ सोडल्याचं कळवलं. त्या म्हणाल्या, खेळ सोडा, फोन सोडू नका. कवळी लागली तर फुकट करीन.

बाबा


६ एप्रिल

चिरंजीव,

तुझं पत्र काल आलं. मी ते उघडायच्या आधी हात धुतले. मग चष्मा धुतला. मग उघडलं.

तू लिहितोस, बाईंनी दार लावून घेतलं, खुर्ची पुढे केली, पाण्याचा ग्लास ठेवला, आणि तू उभ्यानेच म्हणालास, 'मला माहीत आहे.' त्या गोंधळल्या. नियमाप्रमाणे तुला माहीत असायची काही वाटच नव्हती. मीही गोंधळलो. तुझी पुढची ओळ वाचून मात्र मला कोणीतरी मुस्कटात दिल्यासारखं झालं. 'आईने यंत्र लावलं हे वाचलं, त्या क्षणी कळलं की ती नाही.'

मागच्या वर्षी मी बाहेरगावी असताना तू घरी येऊन गेलास, हे मला आज कळतंय. तिने पत्ता लागू दिला नाही. तेव्हा तू तिला पाटीवर लिहून विचारलंस, यंत्र का लावत नाहीस? आणि ती म्हणाली, "आधी नुसता कंटाळा होता. आता मी यंत्र लावलं की तू माझ्याशी फोनवर नीट बोलशील, आणि तुमचं बाप-लेकाचं बोलणं बंद पडेल. मी आहे तोवर हे असंच चालू दे."

म्हणजे गल्ली हसत होती तेव्हा ती आपल्या दोघांना एकमेकांशी बोलायला लावत होती. आणि मी तिला दर सहा महिन्यांनी नवीन यंत्राचा डबा आणून देत होतो. चाळीस वर्षांत असा मूर्ख माझ्याच दवाखान्यात बसलेला मला दिसला नाही.

आणि त्यापुढे तू लिहितोस, 'त्यानंतरच्या ओळी तुमच्या आहेत हे ठाऊक होतं. तरी दर आठवड्याला वाट पाहिली. इतकं गोड तुम्ही मला कधी बोलला नव्हतात, बाबा.' ही ओळ मी किती वेळा वाचली ते सांगत नाही. रडलो, ते सांगतो.

आता तुझा प्रश्न. 'ती शेवटी खरंच काय म्हणाली? मनचं घालू नका. दहा दिवसांची सुट्टी आहे. घरी यायचं की इथेच राहायचं, ते तुमचं उत्तर वाचून ठरवीन.'

तू योग्य तेच विचारलंस. आणि मला त्यातच कचाट्यात धरलंस. कारण मी इतक्या ओळी रचल्या, की आता खरी ओळ सगळ्यांत रचलेली वाटणार आहे. काहीतरी साधं सांगावं, 'पाणी दे म्हणाली', 'तुझं नाव घेतलं', असं दोन तास मनात घोळवलं. तू ते मानलं असतंस. पण तू मनचं घालू नका म्हणालास.

एकोणीस तारखेची दुपार. सिस्टर तिचा रक्तदाब घेत होती. आई डोळे मिटून पडली होती, सकाळपासून बोलली नव्हती. एकदम डोळे उघडले आणि माझा हात घट्ट धरून, तिच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाली, "अहो, त्याला सांगा, पंखा बंद कर म्हणावं. लांबूनसुद्धा ऐकू येतोय."

सिस्टरने वर बघितलं. मीही बघितलं. सिस्टर म्हणाली, "मावशी, इथे पंखाच नाही." नव्हताच. थंडगार बंद खोली, वर नुसतं पांढरं छत. आणि असता तरी तिला तो कसा ऐकू येणार? तिच्या कानाशी मी ताट आपटलं असतं तरी तिने 'काय?' म्हटलं असतं. मी तिच्या कानात ओरडलो, "बंद केला, बंद केला!" तिने मान हलवली आणि हात सोडला. त्यानंतर अर्ध्या तासाने गेली.

मला वाटलं, ग्लानीत बरळली. 'त्याला' म्हणजे वॉर्डबॉयला. मी ते विसरूनही गेलो होतो. पाणबुडीलाही पंखा असतो, हे मला तेव्हा कुठे माहीत होतं? तिला तर नव्हतंच. मार्चमध्ये बोकाबाई कानात ओरडल्या, तेव्हा मी वायर का उपटली ते आता तुला कळलं असेल.

सिस्टर अजून त्याच मजल्यावर आहे, तिला विचार. मी बोकाबाईंना हे सांगितलेलं नाही. सांगितलं तर त्या म्हणतील, कानवाले, हे खेळात घातलं तर लोक तक्रार करतील, अगदीच वास्तव सोडून आहे म्हणून. मी स्वतःही मानलं नसतं. मी माणूस यंत्राचा आहे, असल्या गोष्टींवर कानावर हात ठेवणारा. पण मी तिथे होतो आणि तिने माझाच हात धरला होता.

त्या दुपारी तुमची बोट कुठे होती, वर कोणी होतं का, पंखा चालू होता की थांबवला, हे विचारायची मला परवानगी नाही, आणि सांगायची तुला नाही. म्हणून विचारत नाही.

पण तू ये. जन्मभर मी लोकांना बारीक आवाज ऐकवून त्यांच्या तोंडाकडे बघत आलो. काही जण ऐकू आलं तरी बटण दाबत नाहीत, पण ज्याला ऐकू आलं त्याच्या डोळ्यांत ते आधी दिसतं. तू माझ्यासमोर बस. मी 'एकोणीस जानेवारी, दुपार' एवढंच म्हणेन. तू काही बोलू नकोस.

बाबा